गोदावरीचं पाणी मोजायचं कुणी, कसं आणि कधीपासून

पैठणचं जायकवाडी धरण 65 टक्के भरलं की नाही, यावरून तूट असलेल्या वर्षी 15 ऑक्टोबरच्या आसपास नगर-नाशिक आणि मराठवाडा अशी जुंपते. हा 65 टक्क्यांचा नियम (त्याहून कमी भरलं तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं) मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आला, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं 2014 मध्ये त्यावर आदेश काढला, आणि प्राधिकरणाचा कायदा 2005 चा. हे बहुतेकांना माहीत असतं, पण माझ्या मते खरं भांडण त्याच्या कितीतरी आधीचं आहे, नदीत मुळात पाणी किती येतं हे कोण मोजणार तिथपासूनचं.

कारण नदी एक आणि राज्यं दोन होती. नाशिक-नगर मुंबई इलाख्यात, तिकडं प्रवरेवर भंडारदरा 1926 लाच झालं, आणि खालची गंगा (आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात. निजामानं मांजरेवर निजामसागर बांधलं, 1931 ला पूर्ण झालं, पण मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात आणि ते धरण पार खाली तेलंगणात, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या हाती काय लागलं?

मग जायकवाडी. 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. आखणी करताना पैठणपर्यंत साधारण 196 टीएमसी (1 टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी धरलं होतं, नंतरच्या फेरअभ्यासात हा आकडा खाली आला, आणि तोवर वर धरणं होतच राहिली. सुरुवातीचा अंदाज चुकला की पुढचं सगळं वाटपच डळमळतं, कालव्याच्या टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा.

आता मोजतात कसं ते बघा. केंद्रीय जल आयोगाची केंद्रं आहेत धालेगाव, गंगाखेड, नांदेड, येळी वगैरे ठिकाणी. काठावर किंवा पुलाच्या खांबाला मीटरची पट्टी रंगवलेली असते, तिच्यावरून पातळी वाचायची, पुरात तर तासातासाला. पण पातळी म्हणजे प्रवाह नाही, म्हणून पात्राचे आडवे भाग पाडून प्रत्येक ठिकाणी खोली बघायची, करंट मीटर पाण्यात सोडायचा, त्याच्या वाट्या ठरलेल्या वेळेत किती फिरल्या त्यावरून वेग काढायचा, एकच माप घ्यायचं असेल तर वरून सहादशांश खोलीवर. भागाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, सगळ्यांची बेरीज केली की प्रवाह, फुटांत मोजला तर क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट. 11,574 क्युसेकनं 24 तास पाणी वाहिलं की 1 टीएमसी, हे गणित पाठ ठेवा, बातम्या वाचताना लई कामाला येतं.

रोज एवढं करणं अवघड, त्यामुळं पातळी आणि प्रवाह यांचं कोष्टक बनवतात आणि एरवी पट्टी वाचून त्यातला आकडा घेतात. इथंच मला काळजी वाटते, कारण पात्र बदललं की कोष्टक चुकतं, आणि आपल्याकडं वाळू उपसून उपसून गंगेचं पात्र किती बदललंय हे काठावरच्या कुणालाही दिसतं. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्यावरून आंध्राशी झालेल्या वादात सुप्रीम कोर्टानं 2013 ला 2.74 टीएमसी आणि दरवाजे उघडण्या-लावण्याच्या तारखा ठरवून दिल्या, म्हणजे आता दशांश टीएमसीवर हक्क ठरतात. मग वाळूचे घाट लिलावाला काढताना मोजणी केंद्राच्या वरचा-खालचा पट्टा तरी वगळलाच पाहिजे आणि दर पावसाळ्यानंतर तिथला पात्राचा आडवा छेद नव्यानं मोजून लोकांसमोर ठेवला पाहिजे.