टॉर्क 27 की पॉवर 25? दोन आकड्यांचा नेहमीचा गोंधळ

"मामा, पप्पा म्हणतात साडेतीनशेची नको, झेपायची नाही तुला. दोनशेची घे म्हणतात."

भाच्याचा हा फोन आला तेव्हा त्याला लायसन्स मिळून चार महिने झाले होते. दाजींसमोर दोन गाड्या होत्या, रॉयल एनफील्डची क्लासिक 350 आणि केटीएमची 200 ड्यूक. दाजी हिशेबाला पक्के माणूस, खताच्या गोणीचा भाव चार ठिकाणी विचारल्याशिवाय घेणार नाहीत. पण इथे त्यांनी सीसीचा आकडा पाहिला आणि लहान आकडा म्हणजे गरीब गाडी असं धरून टाकलं. या दोघींत नवशिक्याच्या अंगावर येणारी गाडी दोनशेचीच आहे.

दुसरीकडे शोरूममधल्या पोराने क्लासिक दाखवून भाच्याला सांगितलं होतं, "सत्तावीसचा टॉर्क आहे हिचा, पिकअपला तोड नाही." तेही चूक. ही दोन्ही वाक्यं मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, पार्किंगमध्ये, गॅरेजच्या बाकड्यावर, लग्नाच्या पंगतीत. त्यातून माणसं लाख-दोन लाख रुपये चुकीच्या गाडीत घालतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी आकडे. क्लासिक 349 सीसीची. पॉवर 20.2 बीएचपी, 6100 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 6100 फेरे घेत असताना. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 27 न्यूटन मीटर, 4000 आरपीएमला. वजन 195 किलो. ड्यूक 199.5 सीसीची. पॉवर 25 पीएस, 10000 आरपीएमला. टॉर्क 19 न्यूटन मीटरच्या जरासा वर, 8000 आरपीएमला. वजन 160 किलोच्या आसपास. अलीकडची मॉडेलं धरली आहेत.

बीएचपी आणि पीएस ही दोन्ही पॉवरचीच मापं, त्यांच्यात दीड टक्क्याचाही फरक नाही, क्लासिकचे 20.2 बीएचपी म्हणजे साडेवीस पीएस. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली व्हायला जागा किती, एवढंच. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीच्या गटावर ठरतो, पण तिथेही 150 ते 350 हा एकच गट आहे आणि या दोन्ही गाड्या त्यातच येतात. सीटच्या उंचीत दीडेक सेंटिमीटरचा फरक आहे, तो बसून बघायचा, वाचून कळत नाही.

खरी गाठ आहे ती टॉर्क आणि पॉवरची.

विहिरीवर दोघं पाणी शेंदतायत असं समजा. एकाची बादली 27 लिटरची, दुसऱ्याची 19 ची. बादलीचा आकार हा टॉर्क. मिनिटाला किती खेपा होतात तो आरपीएम. आणि हौदात मिनिटाला एकूण किती पाणी पडलं, ती पॉवर. मोठ्या बादलीवाल्याकडे बघून "याचं काम जास्त" असं आपण पटकन म्हणतो. पण 19 लिटरवाला दुप्पट खेपा मारत असेल तर हौद त्याचाच आधी भरणार. म्हणजे टॉर्क आणि पॉवर या वेगवेगळ्या दोन शक्ती नाहीतच. टॉर्क हा गुणाकारातला एक आकडा आहे, आरपीएम दुसरा, आणि पॉवर हे त्यांचं उत्तर. "बुलेटला टॉर्क असतो, केटीएमला पॉवर असते" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. दोन्ही गाड्यांना दोन्ही असतं.

हिशेब फोनवर होतो. टॉर्कला आरपीएमने गुणा, 7023 ने भागा, उत्तर पीएसमध्ये येतं. क्लासिक 4000 आरपीएमला 27 देते, म्हणजे तिथे तिची पॉवर 15 पीएसच्या वर झालेली असते. ड्यूकचा सगळ्यात जास्त टॉर्क 8000 ला येतो. तो तिने 4000 लाच दिला असता तरी पॉवर 11 पीएसच झाली असती, आणि तिथे तो येत नाही, म्हणजे 11 हून कमीच. आता 8000 ला बघा. ड्यूक 22 पीएसवर पोचलेली असते, आणि क्लासिकचा साडेवीसचा कळस 6100 लाच होऊन गेलेला असतो.

या 7023 चा एक उपयोग फार कमी लोकांना माहीत आहे. बरोबर त्या आरपीएमला पीएस आणि न्यूटन मीटर यांचे आकडे सारखे येतात. म्हणून माहितीपत्रकात टॉर्कचा आकडा पॉवरपेक्षा मोठा दिसला की समजायचं, हे इंजिन खालच्या आरपीएमवर काम करणारं आहे. पॉवरचा आकडा मोठा दिसला तर ते वर फिरवावं लागणार. क्लासिक 27 आणि साडेवीस. ड्यूक 19 आणि 25. यामाहाची आर 15, टॉर्क 14.2 आणि पॉवर 18.4. स्प्लेंडर आठ आणि आठ, बरोबर मधली. गाडीवर न बसताही तिचा स्वभाव एवढ्यावरून कळतो.

स्वभाव असा का होतो, तेही बघण्यासारखं आहे. या दोन्ही इंजिनांच्या पिस्टनचा व्यास सारखाच आहे, 72 मिलिमीटर. फरक आहे तो पिस्टन किती लांब जातो त्यात. क्लासिकचा 85.8 मिलिमीटर जातो, ड्यूकचा फक्त 49. लांब फेरी मारणारा पिस्टन एका फेऱ्यात जास्त काम करतो, पण त्याला घाई करता येत नाही. आखूड फेरीवाला भराभर पळतो. 6100 आरपीएमला क्लासिकचा पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटर धावतो, आणि 10000 ला ड्यूकचा सोळा-सव्वासोळा. म्हणजे ड्यूक किंचाळतेय असं ज्यांना वाटतं त्यांनी ध्यानात घ्यावं, आतला पिस्टन क्लासिकच्या पिस्टनपेक्षा जास्त पळत नाहीये. तिला वर फिरवल्याने इंजिन खराब होत नाही. ते त्यासाठीच बनवलंय.

आता सगळ्यात जास्त लोक अडखळतात ती जागा. माहितीपत्रकातला टॉर्क इंजिनच्या तोंडाशी मोजलेला असतो. रस्त्याला भिडतं ते मागचं चाक, आणि मध्ये गिअरबॉक्स व चेन-स्प्रॉकेट असतात. गिअर टॉर्क वाढवतो आणि त्या बदल्यात फेरे कमी करतो. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकलं की गाडी जास्त ओढते, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. इंजिन तेच, माहितीपत्रकातला टॉर्क तोच, तरी चाकावरची ओढ वाढली. टॉर्क असा वाढवता येतो. पॉवर गिअरने वाढत नाही, उलट घासण्यात थोडी जातेच. म्हणून एखाद्या वेगाला चाकावर ओढ किती मिळणार, हे इंजिन त्या क्षणी किती पॉवर देतंय त्यावर ठरतं. इंजिनाच्या टॉर्कचा कमाल आकडा किती यावर नाही. योग्य गिअर टाकून दोघींना आपापल्या कळसाला नेलं, तर त्याच वेगाला ड्यूकचं चाक क्लासिकपेक्षा जास्त जोराने ढकलतं, आणि ढकलायला वजनही पस्तीस किलोने कमी.

(इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातीत कधी कधी चाकावरचा टॉर्क छापतात, शेकड्यांतला. तो पेट्रोल गाडीच्या इंजिनाच्या टॉर्कशेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे गाळलेलं दूध आणि आटवलेला खवा एकाच मापाने मोजणं. कृपा करून करू नका.)

मग 27 च्या आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि मोठा आहे, पण तो 27 मध्ये नसून त्याच्या शेजारच्या 4000 मध्ये आहे. ओढ किती, यापेक्षा ओढ कधी मिळते, हा रोजच्या चालवण्यातला प्रश्न.

हे भाच्याला कागदावर पटेना. मग मित्राची ड्यूक घेऊन तो आणि माझी क्लासिक घेऊन मी, असे वाईहून पसरणी घाटाने पाचगणीकडे निघालो. एका उलट्या वळणावर समोरून एसटी आली. त्याने वेग पंधरावर आणला, पण गिअर तिसराच राहिला. वळणातून रेस दिली तर गाडीने दोन-तीन हिसके दिले, चेन खडखडली आणि गाडी बंद. पाय टेकवून उभा राहिला, घामाघूम. मागून माझी क्लासिक दुसऱ्यात होती. इंजिन तिचंही सावकाशच फिरत होतं, पण जराशी रेस दिली आणि ती ढगढग करत वळण काढून वर आली. "मामा, हिच्यात टॉर्कच नाही," तो म्हणाला.

पुढच्या वळणाआधी त्याला सांगितलं, वळणात शिरायच्या आधीच दुसरा टाक आणि आरपीएम पाच हजारांच्या खाली येऊ देऊ नकोस. ड्यूकला आरपीएम पडद्यावर दिसतो. क्लासिकला तो दिसतच नाही, तिला त्याची गरज पडत नाही. त्याने ऐकलं. वळण सुटलं, आरपीएम सात हजारांच्या पुढे गेला आणि गाडी अशी सुटली की मी पूर्ण रेस दिली तरी पुढच्या वळणापर्यंत त्याचा मागचा दिवासुद्धा दिसेना. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या पोटात गोळा आला होता. चार महिन्यांचं लायसन्स, डाव्या हाताला दरी, आणि पोराच्या उजव्या मुठीत 25 पीएस.

दाजींच्या हिशेबातली चूक इथे आहे. दर किलोमागे ड्यूककडे क्लासिकच्या जवळजवळ दीडपट पॉवर आहे. युरोपात लायसन्सच्या पायऱ्या आहेत. ए1 ला 125 सीसी आणि 11 किलोवॅटची मर्यादा, ए2 ला 35 किलोवॅटची, आणि दोन्हींत दर किलोमागे किती पॉवर चालेल तेही ठरवून दिलंय. टॉर्कची अट कुठेच नाही. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या गाडीचं लायसन्स हातात पडलं की कुठलीही मोटरसायकल घेता येते. ती पायरी आपल्याकडे घरच्या मोठ्यांनी घालायची असते, आणि ती सीसी बघून घातली की उलटीच पडते.

कुणाला कोणती, यावर माझं मत पक्कं आहे. पहिल्या वर्षाला या दोन्हींपैकी एकही नको. 100 ते 125 सीसीची घ्या. स्प्लेंडर 112 किलोची आहे, चुकून कलंडली तरी एकट्याला उचलता येते. क्लच सोडायची चूक ती पोटात घालते आणि आठ पीएसमध्ये घाबरवण्याची ताकद नाही. क्लासिक इंजिनाने शांत आहे, पण 195 किलो पार्किंगमध्ये, चिखलात, उतारावर मागे घेताना नवशिक्याला जड जातात. गाडी पडण्याचे निम्मे प्रसंग चालताना नाही, उभ्या गाडीवर येतात, हे माझ्या पाहण्यातलं आहे.

वर्ष-दीड वर्षानंतर रोज डबलसीट जायचं असेल, घाटात सामान बांधून सावकाश जायचं असेल, दर वळणाला गिअर बदलायचा कंटाळा असेल, तर खालच्या आरपीएमची गाडी. एकट्याने चालवायची आहे, गिअर खेळवायला आवडतं आणि हात बसलाय, तर वरच्या आरपीएमची. शहराच्या ट्रॅफिकमध्ये पहिली कमी दमवते. हायवेवर ट्रक ओलांडताना दुसरी जास्त हाताशी येते, पण एक गिअर खाली टाकायची सवय असेल तरच.

टेस्ट राइडला शोरूमवाला सपाट रस्त्यावरून एकट्याला एक फेरी मारू देतो. त्यावर समाधान मानू नका. रोज मागे बसणारं माणूस सोबत न्या आणि जवळच्या उड्डाणपुलाचा चढ मागा. चढाच्या पायथ्याशी तिसऱ्या गिअरमध्ये वेग तीसवर आणा आणि गिअर न बदलता हळूहळू रेस द्या. गाडी कुरकुर न करता चढली तर टॉर्क तुमच्या कामाच्या जागी आहे. मग परत या, दुसऱ्यात तोच चढ चढा आणि इंजिन मोकळं फिरू द्या. दोन्ही वेळा मागच्या माणसाला विचारा कसं वाटलं. भाच्याच्या टेस्ट राइडला मागे दाजी स्वतः बसले होते. उतरल्यावर त्यांनी 125 ची किंमत विचारली.