पेत्रोव्ह बचाव : नक्कल कुठे थांबवायची

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढावा आणि काळ्यानेही नेमके तेच करावे, एवढ्या दोन चालींत पेत्रोव्ह बचाव पटावर उभा राहतो. आपले प्यादे राखण्याऐवजी काळा समोरच्या प्याद्यावर नेम धरतो. ही कल्पना जुनी आहे. १५१२ साली रोममध्ये छापलेल्या पोर्तुगीज औषधविक्रेता दामियानो याच्या पुस्तकातही ती सापडते.

नक्कल पुढे चालू ठेवली की काय होते, हेही तेव्हापासून ठाऊक आहे. पांढऱ्या घोड्याने ई-५ वरचे, म्हणजे काळ्याचे राजापुढून निघालेले प्यादे घेतल्यावर काळ्याने लगेच पांढऱ्याचे ई-४ वरचे घेतले, तर पांढरा वजीर राजापुढच्या घरात येतो आणि काळ्या घोड्यावर चाल करतो. काळ्याने भाबडेपणाने घोडा मागे नेला, की पांढरा घोडा सी-६ वर उडी घेतो. त्याच्या मागून वजिराचा शह बसतो आणि काळ्याचा वजीर हातचा जातो. म्हणून आधी डी-६, म्हणजे वजिरापुढचे प्यादे एक घर पुढे, खेळून घोड्याला हुसकावायचे आणि मगच प्यादे घ्यायचे. एवढा एका चालीचा संयम हा या बचावाचा कणा आहे.

तरीही त्याला प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, रशियन खेळाडू अलेक्सांद्र पेत्रोव्ह आणि त्याचा देशबांधव कार्ल यानिश यांच्यामुळे. यानिशचे विश्लेषण १८४२ साली पॅरिसच्या ‘पालामेद’ मासिकात आले. पुढे कार्पोव्ह, युसुपोव्ह आणि क्रामनिक या ग्रँडमास्टरांच्या हाती हा बचाव जवळजवळ अभेद्य झाला, आणि ‘बरोबरीचा कारखाना’ हा शिक्काही त्याच्यावर बसला. तो मला अर्धाच पटतो. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्यातील १९८४-८५ ची जगज्जेतेपदाची लढत गुंडाळली जाण्यापूर्वीचा अखेरचा, ४८ वा डाव हाच बचाव खेळून कार्पोव्ह हरला होता.

भारतीय वाचकाला मात्र स्वित्झर्लंडमधील बील येथील १९८८ ची स्पर्धा आठवेल. कोलंबियाच्या सापाताविरुद्ध तरुण विश्वनाथन आनंदने, आदल्या वर्षीच्या माइल्स-ख्रिश्चनसेन डावातील चालीवर विसंबून, पाचव्या चालीला उंट एफ-५ वर आणला. सापाताने वजीर ई-२ वर ठेवताच ई-४ वरचा काळा घोडा आपल्या राजासमोर अडकला, एक मोहरे जाणे अटळ झाले आणि आनंदने सहाव्या चालीलाच डाव सोडला. वजिराचे घर तेच, अडचणीची उभी पट्टीही तीच. फरक इतकाच, की या वेळी काळ्याने डी-६ आधीच खेळलेले होते.

२०१८ मध्ये लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आव्हानवीर कारुआनाने कार्लसनविरुद्ध हाच बचाव निवडला. सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याने जगज्जेत्यालाच अडचणीत आणले. तो डाव ८० चालींनंतर बरोबरीत सुटला.