कोलोनच्या ढालीवरच्या अकरा शेपट्या

यूडीकोलोनमुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या जर्मनीतल्या कोलोन शहराचं मानचिन्ह म्हणजे एक ढाल. वर लाल पट्ट्यावर तीन सोनेरी मुकुट, खाली पांढऱ्यावर अकरा काळे ठिपके. मुकुटांचा उलगडा सोपा आहे. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी ११६४ साली मिलानहून इथे आणल्या गेल्या. यात्रेकरूंची रीघ लागली, शहराची भरभराट झाली.

खरी गंमत ठिपक्यांत आहे. कोणी त्यांना ज्वाळा म्हणतं, कोणी अश्रू. मुळात त्या शेपट्या आहेत! स्टोट हा प्राणी दिसायला मुंगसासारखा, पण कुळाने पाणमांजराचा भाऊबंद. थंड मुलखात दिवस लहान होऊ लागले की त्याची तपकिरी लव झडून पांढरीशुभ्र येते. शेपटीचा शेंडा मात्र काळाच राहतो. हा शेंडा फुकटचा नाही. शिकारी पक्ष्यांपुढे नकली प्राणी ठेवून केलेल्या प्रयोगात काळ्या शेंड्याने त्यांची नजर शेपटीकडे वळली आणि झडप वारंवार हुकली. अशी कातडी शिवून राजेरजवाड्यांचे झगे होत. त्याच नक्षीची ढाल फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या सरदारांची होती, आणि कोलोनमध्ये हूणांच्या हातून मारली गेलेली संत उर्सुला ब्रिटनीचीच राजकन्या, अशी आख्यायिका आहे. सोळाव्या शतकात तिच्यासोबत मारल्या गेलेल्या सख्यांची खूण म्हणून शेपट्या ढालीवर आल्या.

सख्या अकरा की अकरा हजार? लॅटिन मजकुरातला ‘एम’ म्हणजे ‘हुतात्मा’. तो कुणीतरी रोमन आकड्यांतला ‘हजार’ असा वाचला असावा, असं अभ्यासकांपैकी अनेकांना वाटतं. ११०६ साली तटबंदी वाढवताना उर्सुलेच्या चर्चपाशी हाडांचे ढीगच्या ढीग निघाले आणि लोकांना पुरावाच मिळाला! वास्तविक ती रोमन दफनभूमी होती. रोमन लोक मृतांना शहराच्या वेशीबाहेरच पुरत. हाडांत पुरुष आणि लहान मुलंही निघाली, तेव्हा कथेतच बिशप आणि नातेवाईक घालून तीही सोय लावली गेली. पुरावा जुळेना तर गोष्ट वाढवायची, ही खोड काही मध्ययुगापुरती नाही.

ढालीवर अकरा हजार शेपट्या अर्थातच मावल्या नसत्या. हाडांना मात्र जागा मिळाली: त्या चर्चच्या ‘सुवर्णकक्षा’त भिंतीवर ती नक्षीसारखी रचली आहेत, आणि काही ठिकाणी त्यांचीच लॅटिन अक्षरं केली आहेत.