आभासी मशीनमधला डेस्कटॉप इतका बारीक का दिसतो?

चांगल्या फोरके, म्हणजे खूप दाट पिक्सेलच्या पडद्याच्या, लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लिनक्स सुरू केलं की मेनूतली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवण्याचं प्रमाण, २०० टक्के केलं तर डायलॉगची बटणंच पडद्याबाहेर जातात. १५० टक्के केलं तर सगळं धूसर.

या दुखण्याचं मूळ बरंच जुनं आहे. १९८४च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. छपाईतला पॉइंटही इंचाचा ७२वा भाग, त्यामुळे पडद्यावरचं आणि कागदावरचं अक्षर एकाच मापाचं. पडदा कागदापेक्षा लांबून वाचतात म्हणून विंडोजने ९६ धरले. पुढे कित्येक वर्षं मॉनिटर या आकड्यांच्या आसपासच राहिले आणि प्रोग्रॅमर मापं बिनदिक्कत पिक्सेलमध्ये लिहीत गेले. २०१२ मध्ये रेटिना मॅकबुक प्रो आला, इंचाला २२० पिक्सेल घेऊन. ॲपलने सरळ दुप्पट केलं आणि सुटका करून घेतली. विंडोज लॅपटॉपच्या वाट्याला मात्र १२५ आणि १५० टक्क्यांसारखे अडनिडे आकडे आले.

आभासी मशीनमध्ये यात आणखी एक गोची होते. खरा मॉनिटर ईडीआयडी नावाच्या माहितीतून आपली लांबी-रुंदीही कळवतो. गेस्टचा, म्हणजे आतल्या आभासी मशीनचा, मॉनिटर मुळात खोटा. गेस्टला खिडकीत पिक्सेल किती ते समजतं, पण पडदा किती इंची ते बहुधा समजत नाही. मग तो मुकाट्याने ९६ धरतो. पडद्याची घनता होस्टला, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाला, ठाऊक असते, पण अक्षरं नव्याने रेखाटणं गेस्टच्याच हातात. व्हर्च्युअलबॉक्सचा स्केल फॅक्टर तयार झालेलं चित्रच ताणतो, म्हणून अक्षर मोठं होतं, रेखीव होत नाही. माझ्या मते तो इलाज नव्हे, मलमपट्टी.

लिनक्सच्या बाजूनेही उशीरच झाला. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या ३.१० आवृत्तीत, २०१३ साली, फक्त पूर्णांकी (एकपट, दुप्पट असं) स्केलिंग आलं. अपूर्णांकी २०१९च्या ३.३२ मध्ये, तेही वेलँड या पडद्यावर चित्र दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर आणि प्रायोगिक म्हणून. त्याची रीत अशी, की चित्र आधी दुप्पट मापात काढायचं आणि मग आकसायचं. गेस्टला ग्राफिक्स प्रवेग, म्हणजे चित्र काढायला ग्राफिक्स चिपची मदत, मिळत नसेल तर हा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. अपूर्णांक थेट ॲपला कळवणारा वेलँड प्रोटोकॉल २०२२ मध्ये आला, पण एक्सवेलँड या जुन्या ॲप्ससाठीच्या दुव्यातून चालणारी ॲप्स त्याचा फायदा घेऊ शकत नाहीत.