व्हिसा २०२९ पर्यंत आहे, मग अडचण कसली?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना सत्राच्या मध्यावर एखादा विषय जड जाऊ लागला, की मुलांकडून आणि त्यांच्या इकडच्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: विषय सोडला तर व्हिसा जातो का? यावर कोणीतरी अनुभवी मित्र ठामपणे सांगतो, की व्हिसा पाच वर्षांचा आहे, एक विषय सोडल्याने त्याला काही होत नाही. हे उत्तर शब्दशः पाहिले तर जवळजवळ बरोबर आहे आणि त्यावर विसंबून वागणारा विद्यार्थी तरीही गोत्यात येतो, कारण प्रश्नच चुकीच्या वस्तूविषयी विचारलेला असतो. विषय सोडल्याचा पहिला घाव व्हिसावर बसत नाही, तो स्टेटसवर, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे कायदेशीरपणे राहण्याच्या दर्जावर बसतो.

व्हिसा म्हणजे काय, हे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासाबाहेर फाइल छातीशी धरून रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. तो पासपोर्टात चिकटवलेला कागद असून अमेरिकेचे परराष्ट्र खाते तो देते. भारतीय विद्यार्थ्यांना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा साधारणपणे पाच वर्षांसाठी आणि अनेक वेळा प्रवेश करता येईल असा मिळतो. विमानतळावर किंवा सीमेवर जाऊन ‘मला आत घ्या’ अशी विनंती करण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ आहे. आत घ्यायचे की नाही, हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, आणि हा अधिकारी परराष्ट्र खात्याचा नसून अंतर्गत सुरक्षा खात्याचा असतो.

त्याने आत घेतले, की त्या क्षणी स्टेटस सुरू होते. ते पासपोर्टात दिसत नाही, म्हणूनच ते विसरले जाते. आय-९४ या प्रवेशनोंदीत पर्यटकाला परत जाण्याची तारीख मिळते, तर एफ-१ विद्यार्थ्याच्या नोंदीत वर्षानुवर्षे तारखेऐवजी ‘डी/एस’ ही दोन अक्षरे येत आली आहेत. त्यांचा अर्थ असा, की विद्यार्थी म्हणून घातलेल्या अटी तू पाळतोस तोवर तुला राहता येईल. या पद्धतीऐवजी ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला. मात्र तारीख असो वा नसो, अटी पाळाव्या लागतातच. त्या पाळल्या जातात की नाही, हे सेव्हिस नावाच्या सरकारी संगणकप्रणालीत नोंदवले जाते आणि त्या नोंदी करणारी व्यक्ती विद्यापीठातच बसलेली असते. तिला डीएसओ म्हणतात.

बोर्डाच्या परीक्षेचे हॉल तिकीट आठवा. ते दाखवल्याशिवाय वर्गात सोडत नाहीत, पण आत बसल्यावर कॉपी करताना पकडले गेलात तर खिशातले हॉल तिकीट वाचवायला येत नाही; आणि पेपर लिहिता लिहिता ते हरवले, म्हणून पेपर रद्दही होत नाही. व्हिसा आणि स्टेटस यांचे नाते बरेचसे असेच आहे, आणि माणसे मात्र हॉल तिकिटावरची तारीख पाहून पेपर कसा गेला ते सांगत असतात.

आता नोंदणीकडे वळू. एफ-१ च्या अटींपैकी सर्वांत कडक अट म्हणजे पूर्णवेळ अभ्यासक्रम. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी हा आकडा विद्यापीठ ठरवते आणि बऱ्याच ठिकाणी तो ९ असतो. उन्हाळ्याच्या सुटीत ही अट नसते, फक्त उन्हाळी सत्र हेच तुमचे पहिले सत्र असता कामा नये. ऑनलाइन विषयांपैकी एकच विषय, म्हणजे तीन क्रेडिट, या हिशेबात धरले जातात. हे सारे नियम विद्यापीठाच्या पानावर स्पष्ट लिहिलेले असतात आणि त्यांत कोणी फारसे अडखळत नाही.

अडखळतात ते पुढे. समजा, पुण्याहून मास्टर्ससाठी गेलेल्या एका मुलीने ९ क्रेडिट घेतले आहेत. सत्राच्या मध्यावरच्या परीक्षेनंतर एका विषयात नापास होण्याची चिन्हे दिसतात. ती आपल्या अकॅडमिक ॲडव्हायझरला भेटते, तो सहानुभूतीने ऐकून घेतो आणि म्हणतो की ग्रेड खराब करण्यापेक्षा विषय सोडून दे. सोडण्याची मुदत अजून उलटलेली नाही, पोर्टलवरचे बटण चालते, शुल्काचा थोडा परतावाही मिळतो. विद्यापीठाच्या दृष्टीने सारे काही नियमानुसार झाले आणि तरीही त्या दिवशी तिचे स्टेटस मोडले, कारण ती डीएसओला न विचारता ९ वरून ६ वर आली. ॲडव्हायझर अभ्यासाचा विचार करतो, डीएसओ सेव्हिसचा. पहिल्याच्या होकाराला दुसऱ्याच्या परवानगीची किंमत नाही, आणि ‘पण विद्यापीठानेच सांगितले’ ही सबब मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ऐकताना चिडचिड होते. विद्यापीठ नावाचा एकच माणूस तिथे बसलेला नसतो.

तीच मुलगी आदल्या दिवशी डीएसओकडे गेली असती, तर कदाचित काहीच बिघडले नसते. कमी भार घेण्याची परवानगी देण्याचा अधिकार डीएसओला आहे, मात्र त्याची कारणे मोजकी आहेत. सुरुवातीच्या काळात इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण येणे, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणे, चुकीच्या पातळीच्या विषयात बसवले जाणे, ही अभ्यासविषयक कारणे चालतात. अशा वेळी निम्मा भार तरी ठेवावा लागतो आणि पुढच्या सत्रात पूर्ण भारावर परतावे लागते. आजारपणासाठी डॉक्टरांचे पत्र असेल तर अगदी शून्य क्रेडिटही चालतात, पण त्या पदवीच्या पूर्ण काळात मिळून १२ महिन्यांपर्यंतच. शेवटच्या सत्रात उरलेलेच विषय घेता येतात. ‘ग्रेड घसरेल’ हे कारण या यादीत कुठेही नाही. पैसे संपले, हेही नाही. आणि कोणत्याही कारणासाठी परवानगी आधी लागते. मागाहून पाठवलेला ईमेल कितीही नम्र असला तरी ती परवानगी होत नाही.

सत्रच सोडून घरी यायचे असेल तेव्हाही हाच फरक आडवा येतो. डीएसओला सांगून माघार घेतल्यास देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता वर्ग सोडला तर एकही दिवस मिळत नाही. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे ६० दिवस या दोन्ही प्रसंगी लागू नाहीत, तरी तो आकडा सर्रास सगळीकडे चिकटवला जातो. पाच महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहून परतायचे असेल, तर नवे आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र, लागते आणि स्टिकरवरची तारीख शिल्लक असूनही साधारणतः नवा व्हिसाच काढावा लागतो.

उलट दिशेचा गोंधळ तुलनेने निरुपद्रवी आहे, म्हणून तो थोडक्यात. अमेरिकेत असताना व्हिसाची तारीख उलटली आणि नोंदणी नीट चालू असली, तर मुलगा बेकायदा होत नाही. पीएचडी पाच वर्षांत क्वचितच संपते, त्यामुळे कित्येकजण संपलेल्या व्हिसावर निर्धास्त राहतात. तो लागतो पुढच्या वेळी बाहेर जाऊन परत येताना. विद्यापीठ बदलल्यावर पासपोर्टात जुन्या विद्यापीठाचे नाव राहते, तेही चालते, फक्त सेव्हिसमधील नोंद रीतसर हस्तांतरित झालेली असावी. विषयशाखा बदलली तर डीएसओकडून आय-२० दुरुस्त करून घेणे पुरते. लक्षात ठेवण्यासारखी तारीख व्हिसावरची नसून आय-२० वरची आहे, कारण अभ्यासक्रम लांबणार असेल तर ती उलटण्यापूर्वीच मुदतवाढ मागावी लागते.

या गोंधळाला २०२५ ने बरेच खतपाणी घातले. त्या वर्षी मे महिन्यात भारतातील अमेरिकी दूतावासाने इशारा दिला, की न कळवता वर्गांना दांडी मारणाऱ्यांचा किंवा अभ्यासक्रम सोडणाऱ्यांचा व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढे व्हिसा मिळण्याची पात्रताही जाऊ शकते. इशारा खरा होता, पण त्यात परिणामांच्या साखळीचे शेवटचे टोक सांगितले होते आणि वाचणाऱ्यांनी तेच पहिले मानले. आधी स्टेटस जाते. व्हिसाचे काय करायचे, हे दुसरे खाते आपल्या सवडीने ठरवते. ही दोन खाती किती स्वतंत्र आहेत, हे त्याच वर्षीच्या वसंतात दिसले होते. हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधील नोंदी अचानक संपवल्या गेल्या, खटले उभे राहिले आणि एप्रिलअखेर नोंदी पूर्ववत होऊ लागल्या. मात्र ज्यांचे व्हिसा रद्द झाले होते, त्यांचे व्हिसा त्याबरोबर आपोआप परत आले नाहीत.

स्टेटस गेलेच, तर दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे देशात राहून आय-५३९ अर्ज भरून ते पुन्हा मिळवणे. त्यासाठी सामान्यतः पाच महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, विनापरवाना नोकरी केलेली चालत नाही, आणि जे घडले ते आपल्या हाताबाहेरचे होते किंवा डीएसओला आधी विचारले असते तर ती परवानगी देऊ शकली असती, हे पटवून द्यावे लागते. दुसरी वाट बाहेर जाऊन नव्या आय-२० वर परतण्याची आहे. त्यात सेव्हिसचा क्रमांक नवा मिळतो, ३५० डॉलरचे शुल्क पुन्हा भरावे लागते, आणि सीपीटी किंवा ओपीटी या अभ्यासाशी निगडित कामाच्या परवानग्यांसाठी लागणारे पूर्णवेळ शिक्षणाचे एक शैक्षणिक वर्ष पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजले जाते.