शांतिसेना

युद्ध वा यादवी थांबल्यावर सामान्यतः संबंधित पक्षांच्या संमतीने, मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तैनात होणारे बहुराष्ट्रीय दल. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत हा शब्द नाही. त्यामुळे आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक पॅलेस्टाइनमधील १९४८ च्या निरीक्षकांपासून सुरुवात धरतात. पण ते निःशस्त्र होते. सशस्त्र दल प्रथम सुएझच्या पेचप्रसंगात १९५६ साली उभे राहिले. ओळखीसाठी लागणाऱ्या निळ्या टोप्या वेळेत मिळेनात, म्हणून अमेरिकी हेल्मेटच्या अस्तर-टोप्यांनाच तेव्हा निळा रंग फासला गेला. एकाच देशातल्या दोन जमातींमधील तंट्यापुरते पाहिले, तर ग्रीक व तुर्की जमातींचे सायप्रस (१९६४) हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथील दलाचे प्रमुख जनरल थिमय्या १९६५ मध्ये सेवेत असतानाच वारले.

सोलापूरच्या वाचकाला रस्त्यावरचे लष्कर म्हटले की १९३० चा मार्शल लॉ आठवतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, त्यामागे तोच काळ आहे. ते लष्कर शहरावर हुकमत बसवायला आले होते. शांतिसेनेचे बळ याच्या नेमके उलट, म्हणजे संमतीत असते. पहारा, शस्त्रे जमा करणे, विस्थापितांना घरी पोचवणे आणि निवडणुकीचा बंदोबस्त एवढ्यावरच ती टिकाऊ शांततेला अवधी मिळवून देते.

हा अवधी कितपत उपयोगी पडतो, यावर वाद आहे. सायप्रसमध्ये सैनिकांच्या उपस्थितीमुळेच नेत्यांना तडजोडीची निकड उरली नाही, असा एक आक्षेप आहे. तो निराधार नाही. तरी तेथील राजधानी निकोसियातील लेड्रा रस्ता २००८ मध्ये पुन्हा खुला झाला आणि दोन्ही जमातींच्या भागांमधला, शांतिसेनेच्या गस्तीचा पट्टा ओलांडून माणसे पायी ये-जा करू लागली. गस्त नसती तर तेवढेही झाले नसते. शीतयुद्धोत्तर यादवींच्या तुलनात्मक अभ्यासांतही शांतिसेना असलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा पेटण्याचे प्रमाण कमी दिसते. प्रस्तुत नोंदीचा कल त्याच बाजूला आहे.

अपयशेही भीषण आहेत. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असतानाच सुरक्षा परिषदेने दल २७० पर्यंत घटवले. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या ‘सुरक्षित क्षेत्रा’त सु. ८,००० बोस्नियाक पुरुष व मुलगे मारले गेले. बोस्नियासह पूर्वीच्या युगोस्लाव्हियात तैनात असलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती, मराठा लाइट इन्फंट्रीचे सतीश नंबियार, १९९३ मध्येच परतले होते.

लायबेरियात २००७ साली भारताने शंभरावर महिलांची पोलीस तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील केवळ महिलांची ही पहिलीच तुकडी. राजधानी मन्रोव्हियात तिने रात्रीची गस्त घातली. २०१६ मध्ये ती मायदेशी परतली.