हातगुण बघायचा तर दवाखान्यातला फ्रिज बघा

आमच्याकडे अजून म्हणतात की अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, नुसती गोळी दिली तरी ताप उतरतो. असेलही (बरेचसे व्हायरल ताप तीन-चार दिवसांत आपले आपणच उतरतात हा भाग वेगळा). पण मला विचाराल तर फॅमिली डॉक्टरचा हातगुण बघायचा असेल तर आधी त्यांचा फ्रिज बघावा.

हसू नका. लस कंपनीतून निघाल्यापासून बाळाच्या मांडीत जाईपर्यंत बहुतेक लशींना २ ते ८ डिग्रीतच ठेवावं लागतं. लाईट गेली की लस खराब होणार हे कुणालाही कळतं, पण काही लशी गोठल्या तरी वाया जातात हे फारसं कुणाला माहीत नसतं. हिपॅटायटिस बी, धनुर्वात, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस) या लशींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात, लशीचा कामाचा भाग त्यांच्या बारीक कणांना चिकटलेला असतो, आणि एकदा गोठलं की ते कण गठ्ठे करून बसतात ते वितळल्यावरही सुटे होत नाहीत, नासलेलं दूध कितीही ढवळलं तरी परत दूध होत नाही तसंच. बाहेरून बघून पटकन कळतही नाही. कुपी हलवून टेबलावर ठेवली तर गोठून गेलेल्या लशीचा गाळ लवकर खाली बसतो, त्यालाच शेक टेस्ट म्हणतात.

आता साधा घरगुती फ्रिज घ्या. बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली तर गोठायची भीती, दारात ठेवली तर दर वेळी दार उघडलं की गरम हवा. म्हणून कुपी मधल्या कप्प्यात, शेजारी थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा वहीत आकडा. सरकारी लशींच्या कुपीवर गोलात एक चौकोन असतो, तो गोलापेक्षा फिकट आहे तोवर ठीक, गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. पण तो फक्त उष्णतेची चाडी सांगतो, गोठल्याची नाही! आमच्या डॉक्टरांकडचे कंपाउंडर काका रविवारी दवाखाना बंद असला तरी येऊन आकडा लिहून जातात, मला आधी वाटायचं काय हा खुळेपणा.

दुसरी गोष्ट सुईची. "डॉक्टर इंजेक्शनच द्या, गोळीने भागत नाही" हे आपणच म्हणतो ना. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली होती, वापरलेल्या सिरिंज परत वापरल्याचं त्यात पुढे आलं. काहींना वाटतं सुई बदलली की झालं, पण सुई काढताना रक्ताचा अगदी सूक्ष्म अंश सिरिंजमध्ये मागे ओढला जाऊ शकतो, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो. त्यामुळे सुई आणि सिरिंज दोन्ही नवीन, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं. वापरलेली सुई कटरमध्ये आणि मग पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, उरलेली सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हे दवाखान्यांच्या कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या नियमांनी छोट्या दवाखान्यालाही लागू आहे.

टाके घालायची हत्यारं पातेल्यात उकळून भागत नाही, काही जंतूंचे बीजाणू १०० डिग्रीला जिवंत राहतात. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेचा दाब वाढवून १२१ डिग्री गाठतात, आपल्या कुकरचंच तत्त्व.

आणि बीपी! यात तर सगळ्यात जास्त घोळ, कारण मशीन चांगलं असलं तरी माणूस धावत जिना चढून आलेला असतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो, हात हृदयाच्या १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर साधारण ७-८ ने वाढतो (रक्ताच्या स्तंभाचं वजन, बाकी काही नाही), शिवाय मोजताना बोललं, पायावर पाय टाकला, लघवी तुंबलेली असली तरी वाढतो. मागच्या महिन्यात मी रिक्षावाल्याशी भांडून थेट खुर्चीत बसलो आणि ती सगळी स्टोरी डॉक्टरांना सांगत हात पुढे केला. त्यांनी पट्टा बांधलाच नाही, म्हणाले पाच मिनिटं बाहेर बाकावर बसा, गप्प, मग बघू.